लाडकीने गणित घेतलं

लाडकी वरठा आठवीत असताना तिच्या मनात एका तासाची भीती बसली. त्या तासापासून पळण्यासाठी तिने जे विषय घेतले त्यांचीही तिला भीतीच वाटत होती, फक्त थोडी कमी. पुढे लोक तिला धीट म्हणायचे. पाड्यावरची पहिली मॅट्रिक मुलगी, तीही गणित-विज्ञान घेतलेली, म्हणजे धीट असणारच, असं सगळे धरून चालायचे. ती ते ऐकून घ्यायची आणि दुसरा विषय काढायची.

तिचा आदिवासी पाडा पालघरच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी. बाप सुका, आई ठकी, धाकटी बहीण चिमी. पावसाळ्यात उतारावरच्या तुकड्यात नाचणी आणि थोडा भात व्हायचा. दिवाळी झाली की सुका आणि ठकी चिमीला घेऊन गवत कापायला नाहीतर वीटभट्टीवर निघून जायची. चौथीनंतर तिथल्या मास्तरांनी लाडकीला पालघरला मुलींच्या वसतिगृहात आणून सोडलं. पूर्वीचं ते भाताचं गोदाम. तिथलं सगळं बघणाऱ्या सोजराबाई नगरकडच्या, विधवा, अंगाने दांडग्या आणि आवाजाने त्याहून. त्या मुलींवर कधी हात उगारत नसत, पण त्यांची चाहूल लागली की मुली आपोआप उभ्या राहत.

वसतिगृहातल्या बाकीच्या मुली लहान होत्या. हायस्कुलात जाणारी लाडकी एकटीच. अभ्यासात ती मधली. गणितात काठावर, मराठीत बरी. तिचं खरं कसब होतं कुणाच्या डोळ्यांवर न येण्यात. बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसायचं, विचारलं तर हळू उत्तर द्यायचं, पाणी वसतिगृहातूनच पिऊन यायचं, म्हणजे शाळेच्या माठाशी जावं लागत नाही. शेजारी पारू बसायची, सातपाटीच्या रस्त्यावरच्या बागायतदाराची मुलगी. पारू तिच्याशी छान बोलायची. शाई संपली तर तिच्या पेनात थेंबथेंब ओतायची. लाडकीला वाटायचं, आपण इथे खपून गेलो.

१९६५ सालच्या फेब्रुवारीत, एका शुक्रवारी, आठवीच्या मुलींना गृहशास्त्राच्या खोलीत नेलं. नववीच्या मुलींचा स्वयंपाकाचा तास कसा चालतो ते त्यांना दाखवायचं होतं, कारण पुढच्या वर्षी तिथे दर शुक्रवारी याच बसणार होत्या. खोलीत नवे पितळी स्टोव्ह, घासून लखलखीत केलेली पातेली, भिंतीवर जीवनसत्त्वांचा तक्ता. गृहशास्त्राच्या चुरीबाई नीटनेटक्या, हळू बोलणाऱ्या. नववीच्या मुलींनी केलेल्या भाजीची चव त्यांनी चमच्याने घेतली आणि मीठ कमी आहे म्हणून सांगितलं. मग आठवीतल्या कुणीतरी शिरा करून बघावा म्हणून त्यांनी सहज समोर नजर टाकली. ती नेमकी लाडकीवर पडली.

लाडकीने रवा भाजला. घरी शिरा कधी झाला नव्हता, पण नाचणी भाजायची सवय हाताला होती. रवा करपला नाही, गाठी झाल्या नाहीत. मुलींनी ताटल्यांत वाढून घेतला. लाडकीला भूक लागली होती. तिने आपली ताटली खाली मान घालून संपवली आणि वर पाहिलं.

कुणीच खाल्लं नव्हतं. कुणी काही बोललंही नव्हतं. मुली ताटल्या हातात धरून उभ्या होत्या, एकमेकींकडे न बघता. कुणी बोटाने शिरा एका बाजूला सारत होती. मग एक जण खिडकीशी गेली आणि बाहेर कावळ्यांना टाकून आली. तिच्यामागून दुसरी गेली. पारूही गेली. परत आल्यावर पारूने लाडकीकडे पाहून नेहमीसारखं हसून दाखवलं. चुरीबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्या म्हणाल्या, "छान झालाय दिसतो. मला आज गोड नको, पित्त झालंय." आणि घंटा झाली.

एवढंच घडलं. कुणी तिला शिवी दिली असती तर ती रडली असती आणि विसरली असती. पण कुणीच काही बोललं नव्हतं, त्यामुळे काय सांगायचं आणि कुणाला, हेच तिला कळेना. आपण खपून गेलो नव्हतो, सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, फक्त वेळ आली नव्हती, हे तिला त्या दिवशी समजलं. आणि आता नववीपासून दर शुक्रवारी ती वेळ येणार होती.

मार्च संपता संपता वर्गात विषयांची गोष्ट निघाली. नववीला प्रत्येकाने ठरवायचं होतं. बीजगणित-भूमिती घ्यायची की नुसतं अंकगणित. पदार्थविज्ञान-रसायन घ्यायचं की शरीरशास्त्र-आरोग्यशास्त्र. या शरीरशास्त्राच्या जागी मुलींना गृहशास्त्रच, आणि सोबत नुसतं अंकगणित. वर्गशिक्षक सावे सर विज्ञान शिकवायचे. त्यांनी फळ्यावर सगळं मांडून दाखवलं आणि मुलींच्या बाकांकडे वळून म्हणाले की तुमचं ठरलेलंच आहे, तुम्हाला विचारत नाही. मुली हसल्या. लाडकीने फळ्यावरचं सगळं वहीत उतरवून घेतलं.

शाळा सुटल्यावर वाटेत पारू सांगत होती की गृहशास्त्रात किती मजा येणार, भरतकाम आहे, केक आहे. तिला फेब्रुवारीतला तो शुक्रवार आठवतही नव्हता. लाडकी तिच्याकडे बघत राहिली. आठवत असूनही पारू असं बोलली असती तर ते परवडलं असतं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती मधल्या सुट्टीत सावे सरांकडे गेली आणि म्हणाली, "सर, मला गणित आणि विज्ञान हवं." सरांना पहिल्यांदा ऐकूच आलं नाही. दुसऱ्यांदा ऐकू आलं तेव्हा त्यांनी तिचे मार्क काढून बघितले आणि तोंडाने चुक् असा आवाज केला. यापूर्वी कुठल्या मुलीने ते घेतलं नव्हतं. शिवाय नापास झाली तर तिची शिष्यवृत्ती थांबली असती, आणि शिष्यवृत्ती नसलेल्या मुलीला वसतिगृहात जागा नव्हती. बापाला घेऊन ये, मग हेडमास्तरांशी बोलू, असं सांगून सरांनी तिला वाटेला लावलं.

सोजराबाईंनीही तेच सांगितलं, जरा जास्त मोठ्याने. गृहशास्त्र घे, डोळे झाकून पास होशील, कुठेतरी बालवाडीवर लागशील. लाडकी खाली बघत उभी राहिली. का नको, ते काही तिच्या तोंडून निघेना. शेवटी सोजराबाई म्हणाल्या, "बापाला विचार आणि काय ते कर. पण नापास होऊन परत माझ्या दारात रडत येऊ नकोस."

बाप त्या वर्षी गवतावर नव्हता. तारापूरच्या किनाऱ्याला विजेचा मोठा कारखाना उभा राहत होता, अणूवर चालणारा, आणि मुकादम पाड्यापाड्यांवरून माणसं नेत होता. सुका, ठकी आणि चिमी तिथेच झोपड्यांत राहत होती. सोजराबाईंनी तारापूरच्याच बाजूच्या नवापूर गावातल्या जमनाला गाठलं. जमना पालघरच्या बाजारात मासळी विकायला यायची आणि दुपारच्या गाडीने बोईसरला परतायची. तिच्यासोबत लाडकीला पाठवलं.

गाडीत जमना रिकाम्या टोपलीवर हात टाकून बसली आणि विचारू लागली की कशाला निघालीस. लाडकीने सांगितलं, विज्ञान घ्यायचंय म्हणून. तसा जमनाचा चेहरा बदलला. तिच्या गावात काय काय बोललं जात होतं ते तिने सांगितलं. त्या कारखान्यात आग न लावता पाणी उकळणार, मग तेच पाणी समुद्रात सोडणार, मासळी जाणार. जपानात एका दिवसात गावंच्या गावं गेली ती याच्यानेच.

"त्ये समदं ह्या विज्ञानाचंच हाय ना?" जमनाने विचारलं. "आनि तू त्येच शिकनार?"

जपानचं लाडकीने शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं. बोईसरला उतरेपर्यंत ती खिडकीचा गज धरून बसली होती.

बोईसरहून टांग्याने, मग चालत, दोघी मजुरांच्या झोपड्यांपाशी पोचल्या. जमना तिला तिथे सोडून आपल्या गावाकडे निघाली. एवढी माणसं, एवढे ट्रक लाडकीने कधी पाहिले नव्हते. सगळीकडे धूळ, आणि हिंदीतून हाका. ती उभी होती तेवढ्यात शिट्टी झाली, लोक मागे सरकले आणि लांब कुठेतरी सुरुंग उडाला. पायाखालची जमीन हलली. ती तिथेच खाली बसली. कुणीतरी तिला हाताला धरून उठवलं आणि कुणाची म्हणून विचारलं. तो पुंजाराम होता, खानदेशातून आलेला, सुकाच्या टोळीतला. त्याने सुकाला बोलावून आणलं.

सुका धावत आला. त्याचा चेहरा उतरला होता. "काय जालं? काडली का तुला शाळंतून?"

"नाय काडली."

"मंग?"

ठकीही डोक्यावरची पाटी टाकून आली. झोपडीच्या सावलीत चौघं बसली. चिमी आईला चिकटून बहिणीकडे परक्यासारखी बघत होती. लाडकीने विषयांचं सांगायचा प्रयत्न केला, पण बीजगणित म्हणजे काय हे बापाला कसं सांगायचं, तिलाच नीट ठाऊक नव्हतं. शेवटी तिने ते सोडून दिलं आणि शिऱ्याचं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला सांगत होती. रवा कसा भाजला, कुणी खाल्लं नाही, कावळ्यांना कसं टाकलं. ठकीने पदराने तिचं तोंड पुसलं. सुका जमिनीवर काडीने रेघा ओढत होता.

"आनि दुसरं काय हाय?" त्याने विचारलं.

"गनित. आनि ते काचंच्या नळ्या असतात, तेजाबाचं पानी असतं. अवगड हाय. नापास जालं तर वसतिगृहातून काडतील."

"तिकडं खायाचं नाय ना कोनी काय?"

"नाय."

"मंग तिकडंच जा," सुका म्हणाला.

मुकादम सुट्टी देईना. पुंजारामने मध्ये पडून एका दिवसाची कबुली घेतली आणि सुकाला आपला धुतलेला सदरा दिला. सदरा सुकाच्या गुडघ्यापर्यंत येत होता. दुसऱ्या दिवशी बापलेक हायस्कुलाच्या फाटकाशी पोचली आणि तिथेच थांबली. सुका आत जाईना. त्याने विचारलं की आत शिपाई आहे का. लाडकी म्हणाली, आहे, पण मारत नाही. घाम पुसत दोघं तिथे इतका वेळ उभी राहिली की शेवटी शिपाईच बाहेर आला आणि कोण पाहिजे म्हणून विचारलं.

हेडमास्तरांच्या खोलीत सावे सर होते. चुरीबाईही होत्या, कारण मुलगी त्यांच्या विषयातून जात होती. सुकाला बसायला सांगितलं तरी तो बसला नाही. हेडमास्तर माणूस वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं की बीजगणितात मुलंसुद्धा गळतात, ही मुलगी काठावरची आहे, तिचं नुकसान होऊ नये एवढीच इच्छा आहे. मग त्यांनी लाडकीला विचारलं, "गृहशास्त्र का नको, ते तरी सांग."

चुरीबाई समोरच होत्या, हात मांडीवर ठेवून. खरं सांगितलं तर या बाई काय करतील. खोटं सांगितलं तर सावे सरांना ते कळणार, मार्क त्यांच्यापुढेच होते. लाडकी म्हणाली, "मला गणित आवडतं."

सावे सरांनी मार्कांचा कागद मिटून ठेवला. हेडमास्तरांनी सुकाकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

सुका पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. "तिला रांदाय येतं, सायेब. आयशीनं शिकवलंय. त्याला शाळा कशाला?"

हेडमास्तरांना हसू आलं. चुरीबाईंना आलं नाही. त्यांनी एकदा सुकाकडे आणि मग लाडकीकडे पाहिलं आणि नजर टेबलावर नेली. हेडमास्तरांनी परवानगी दिली, पण अटीवर. ऑक्टोबरच्या सहामाहीत एका जरी विषयात नापास झाली तर तिला गृहशास्त्रात परत टाकायचं.

म्हणजे भीती गेली नव्हती, पुढे ढकलली होती.

जूनपासून नववीच्या विज्ञानाच्या वर्गात लाडकी एकटी मुलगी. मागच्या बाजूला तिच्यासाठी एक बाक वेगळं ठेवलं होतं. ती हलली की बाक करकरायचं आणि मुलं मागे वळून बघायची, म्हणून ती हलत नसे. प्रयोगशाळेत सावे सरांनी पहिल्याच दिवशी तेजाबाची, म्हणजे आम्लाची, बाटली दाखवली आणि एका थेंबाने आपल्या धोतराला पडलेल्या भोकाची गोष्ट सांगितली. मुलं हसली. लाडकीला झोपेतही ती बाटली दिसायला लागली.

जस्ताच्या तुकड्यांवर आम्ल घालून वायू तयार करायचा आणि नळीच्या तोंडाशी काडी न्यायची, असा एक प्रयोग होता. काडी नेली की फट् असा आवाज होतो हे सरांनी आधी सांगितलं होतं. तरी आवाज झाला तेव्हा तिच्या हातून नळी सुटली आणि फुटली. तिला तारापूरची जमीन आठवली. आता सर घालवून देणार, असं वाटून ती भिंतीला टेकली. सर आले, पायाने काच बाजूला केली आणि म्हणाले, "काचा वेच. मग दुसरी नळी घे." आणि पुढच्या मुलाकडे गेले. तिने दुसरी नळी घेतली. या वेळी फट् झालं तरी ती हातातून सुटली नाही.

बीजगणित मात्र तिला अजिबात समजेना. क्ष म्हणजे किती, हे आधी माहीत नसताना त्याची बेरीज करायची ही गोष्ट तिला फसवणुकीसारखी वाटायची. विचारायला पुढे जावं तर बाक करकरणार. सहामाहीत विज्ञानात ती निघाली आणि बीजगणितात सपशेल बुडाली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर हेडमास्तरांनी बोलावलं. त्याच खोलीत, तीच माणसं, फक्त सुका नव्हता. हेडमास्तर म्हणाले, ठरल्याप्रमाणे उद्यापासून तू चुरीबाईंच्या वर्गात. लाडकीने मान हलवली. शुक्रवार दोन दिवसांवर होता.

तेव्हा चुरीबाई म्हणाल्या, "माझ्याकडे पाठवू नका."

हेडमास्तरांनी चष्मा काढला.

"अर्धं वर्ष झालंय," बाई म्हणाल्या. "स्टोव्ह आहेत तेवढ्या मुली आहेत. मागचं भरून निघणार नाही. मी घेणार नाही तिला." त्या हळूच बोलत होत्या, नेहमीसारख्या.

सावे सरांनी मग सांगितलं की गणितात गळालेल्या मुलांना ते सकाळी शाळेआधी बसवणारच आहेत, त्यांत ही एक. हेडमास्तरांनी वार्षिक परीक्षेपर्यंत मुदत दिली.

चुरीबाईंनी तिला हाकललं की सोडवलं, हे लाडकीला कधीच कळलं नाही. आपल्या पातेल्यांना हिचा हात लागू नये म्हणून त्या बोलल्या असतील. त्या दिवशीची ताटली त्यांच्याही मनात राहिली असेल म्हणून बोलल्या असतील. पुढच्या दोन वर्षांत व्हरांड्यात कितीदा तरी समोर आल्या. लाडकी भिंतीला लागून उभी राहायची, बाई मान किंचित हलवून जायच्या. पुष्कळ वर्षांनी तिने हे सगळं मला सांगितलं तेव्हा मी विचारलं, नंतर तरी त्यांना का नाही विचारलंस? ती म्हणाली, "जे उत्तर आलं असतं त्याची भीती वाटली."

सकाळच्या त्या वर्गात सावे सर, मारुती नावाचा एक मुलगा आणि लाडकी, एवढेच टिकले. बाकीचे गळत गेले. तिथे तिचं बाक पुढे होतं आणि करकरत नव्हतं. सर एकच उदाहरण पुन्हा पुन्हा घालायचे आणि मारुतीला समजायला इतका उशीर लागायचा की तोवर लाडकीला समजलेलं असायचं. आवड वगैरे निर्माण झाली नाही. पण क्षची भीती हळूहळू नेहमीच्या कामासारखी झाली. विहिरीवर सकाळी अंधारात जावं लागतं तशी. वार्षिक परीक्षेत ती काठावर निघाली. दहावीतही निघाली.

अकरावीची बोर्डाची परीक्षा १९६८ च्या मार्चमध्ये झाली. जूनमध्ये निकाल शाळेत लागला तेव्हा लाडकी बघायला गेली नाही. सोजराबाईंनी दोनदा सांगून पाहिलं आणि मग स्वतःच छत्री घेऊन निघाल्या. लाडकी मागच्या मोरीत जाऊन बसली. फाटक वाजलं, पावलं वाजली, ती गुडघ्यात डोकं घालून राहिली. सोजराबाई मोरीच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "पास झालीस. बाहेर ये, मला हातपाय धुवायचेत." लाडकी बाहेर आली तेव्हा सोजराबाईंनी आधी तिला धरलं, मग हातपाय धुतले.

ती मास्तरकीचं शिक्षण घेऊन शिक्षिका झाली. पहिली नेमणूक डोंगरातल्या एका शाळेवर, वर्ग पाचवी ते सातवी, विषय गणित आणि विज्ञान. रुजू व्हायच्या आदल्या दिवशी ती पाड्यावर गेली. सुका तेव्हा तारापूरचं काम संपवून परत गवतावर जात होता. अंगणात बसून त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे आता शाळा संपली तुजी?" त्याने विचारलं.

"नाय. आता मीच शिकवाया जायचं."

"भ्या वाटतं?"

"वाटतं."

सुकाने विळा दगडावर घासायला घेतला. "मंग सकालीच नीघ," तो म्हणाला. "ऊन व्हायच्या आत पोचशील."